साइडपट्टीचा ठराव

"उतर! उतर खाली! बहिरा झालास का बे? आबांची गाडी हाय!"

ड्रायव्हर खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर आला होता आणि आत त्याचा एक हात भोंग्यावर दाबलेला होता. रस्त्यावर आम्ही दोघंच. पुढं मामा, मागं मी. मामांच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकलेले, माझ्या हँडलला भाकरीचा डबा. 'बहिरा' मामांसाठी होतं आणि 'बे' आम्ही दोघांनी वाटून घ्यायचं होतं.

मामा उतरले. मी उतरलो नाही.

आता उतरले म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचा रस्ता एका गाडीपुरता. दर निवडणुकीला त्याच्यावर डांबराचा एक थर पडायचा, आणि कडेला मुरूम टाकायचं काम दर वेळी पुढच्या निवडणुकीवर जायचं. असं करत करत रस्ता वर वर गेला आणि साइडपट्टी होती तिथंच राहिली. माझ्या मते ती कड दीड पुरुष उंच होती. पट्टी घेऊन मोजणारे लोक वीतभर म्हणतात. म्हणू देत, त्यांनी ती सायकलवरून कधी पाहिली नाही.

मामांचं पुढचं चाक त्या कडेवरून घसरलं. कॅन एकीकडं, सायकल दुसरीकडं आणि मामा मधल्यामध्ये. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला गाडीचा भोंगा चालू असतानाही ऐकू आला. दूध साइडपट्टीवर सांडलं. दुष्काळातली जमीन ती, एका घोटात पिऊन मोकळी, वर डागसुद्धा ठेवला नाही.

गाडी माझ्या कोपराला वारा घालून पुढं गेली आणि थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. दाराला धरून तो मामांकडं नुसता बघत उभा राहिला. पाय पुढं टाकावा की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. आतून आबांचा आवाज आला, "उशीर होतोय. चल." तो आत बसला आणि गाडी गेली.

हे आबा म्हणजे आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. संस्था सुरू झाली तेव्हापासून तेच चेअरमन. काही म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं की आधी आबा चेअरमन झाले आणि मग त्यांच्यासाठी संस्था काढावी लागली. गाडी संस्थेची, पांढरीशुभ्र. गावाला प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षीसुद्धा ती रोज धुतलेली असायची. आणि रीत अशी की ती गाडी दिसली की सायकलवाल्यानं रस्ता सोडून खाली उतरायचं, सायकल धरून उभं राहायचं, धूळ बसली की तोंड पुसून परत वर यायचं. ही रीत कुणी घातली, कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

मी त्या संस्थेचा सचिव. सचिव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं टेबल, पंखा आणि शिपाई आला असेल तर तो काढून टाका. सचिव म्हणजे खोली झाडणारा, दूध मोजणारा, दरासाठी त्याचं फॅट काढणारा, भांडणं सोडवणारा, आणि वर्षातून एकदा सभेपुढं ठराव वाचणारा. माझं गाव वडवणीच्या पलीकडं. रोज पहाटे सहा मैल सायकल हाणत केंद्रावर पोचायचं आणि दुपारी सहा मैल परत यायचं. त्या वर्षी ऊन असं होतं की परतीच्या वाटेवर डांबर माझी चाकं धरून ठेवायचं. पाणी प्यायला खाली उतरलो तर सायकल स्टँडशिवाय आपली उभी.

मामांना दवाखान्यात पोचवलं आणि त्या दिवशी फॅट काढता काढता मी विचार केला. उतरला तो मोडला. उतरला नाही तो धडधाकट इथं बसून फॅट काढतोय. लहानपणापासून सगळे सांगत आले होते, गाडी आली की बाजूला हो, जीव वाचंल. इथं तर बाजूला होणारा माणूस खाटेवर पडला होता! शिवाय साइडपट्टीवर दुसरीही एक गंमत होती. चारा संपला तसे लोक बाभळी छाटून शेळ्यांपुढं टाकत होते. शेळ्या पाला खायच्या आणि काटे माणसांसाठी ठेवायच्या. एकदा खाली उतरलं की दोन्ही चाकं पंक्चर. आणि पंक्चरवाल्याच्या घमेल्यात पाणी कुठलं? तो फुगवलेली ट्यूब कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा. मधेच म्हणायचा, "गप बसा जरा, बोलू द्या तिला."

म्हणून मी माझे कायदे केले. पहिला कायदा, कडेला जायचं नाही. कडेनं चालवणारा माणूस गाडीवाल्याला दिसत नाही, आणि दिसला तरी त्याला वाटतं, जागा हाय की. डांबराच्या आत हातभर सरकून, सुतात चालवायचं. वाकडंतिकडं करायचं नाही, मागच्याला आपण कुठं जाणार ते कळलं पाहिजे. दुसरा, न्हाव्याकडून फुटका आरसा मागून आणला आणि हँडलला बांधला. त्यात मागचा रस्ता दिसायचा, माझे दात दिसायचे आणि कधीकधी परवाचा दिवससुद्धा दिसायचा. तिसरा कायदा आवाजाचा. पाण्याचा टँकर कण्हत यायचा, त्याला जागा द्यायची आणि मग त्याच्या मागं लागायचं, कारण तो गळायचा आणि त्या वर्षीची माझी निम्मी आंघोळ तिथंच झाली. एसटी खोकत यायची. आबांची गाडी मात्र आवाजच करायची नाही, एकदम भोंगा. म्हणून आरसा.

एवढं करूनही गाड्या कोपराला घासून जातच होत्या. मग एक दिवस म्हशीसाठी कडब्याची पेंढी कॅरिअरवर आडवी बांधून निघालो, आणि काय सांगू! राजा निघाल्यासारखा निघालो. प्रत्येक गाडी माझ्यापासून चार हात लांबून. मला वाटलं, लोक सुधारले. दुसऱ्या दिवशी पेंढी नव्हती, लोक परत बिघडले. तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाडीवाला माणसाला भीत नाही, ओरखड्याला भितो. माणूस बुजून बाजूला पळतो, त्याला काय भ्यायचं? रंग मात्र गेला की गेला.

त्या दिवसापासून मी कॅरिअरला बोरीची एक काटेरी फांदी बांधायला लागलो. उजव्या अंगाला हातभर बाहेर, टोकाला लाल चिंधी, दिसली नाही असं कुणी म्हणायला नको. बायकोनं विचारलं, "ह्ये काय नवीन?" म्हटलं, "विमा." तिनं फांदीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "शेळी बांधून न्या त्यापरीस. ती तरी वरडंल."

दीड महिना मी रस्त्याचा मालक होतो. एसटीचा ड्रायव्हर मला हात करायचा. मग एका सकाळी आरशात पांढरं दिसलं, भोंगा वाजला, "उतर!" ऐकू आलं आणि मी माझ्या सुतात चालवत राहिलो. गाडी घासून गेली. फांदीनं तिच्या अंगावर पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत अशी रेघ ओढली की तालुक्याच्या नकाशात नदी म्हणून दाखवता आली असती. आणि ही नदी त्या वर्षी कोरडी नव्हती.

आबा केंद्रावर आले. ओरडले नाहीत. आबा ओरडायला लागले की लोक निर्धास्त व्हायचे, गप्प बसले की घाबरायचे. दूध घालायला आलेले सभासद ओळीनं उभे, आबा खुर्चीत, मी फॅटच्या नळ्यांपुढं.

"काट्या कावून बांधल्या?"

"मामा कडंवरून पडले, आबा. अजून उठले न्हाईत."

"मी पाडलं का त्याला?"

"न्हाई. उतरले म्हणून पडले."

"आन् तू उतरत न्हाईस."

"मला पडायचं न्हाई."

ओळीत कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं आणि लगेच खोकला होऊन बाहेर पडलं. आबांनी तिकडं पाहिलं नाही. खिशातलं पेन माझ्यापुढं टाकलं. "लिहून घे. आठ दिवसांनी वार्षिक सभा हाय. ठराव क्रमांक सात." आणि सांगितलं: संस्थेची मोटार दिसताच सायकलस्वार सभासदानं व कर्मचाऱ्यानं उतरून साइडपट्टीवर उभं राहावं. न उतरणाऱ्या सभासदाचं दूध घेऊ नये. न उतरणाऱ्या कर्मचाऱ्यास कामावरून कमी करावं.

इतके दिवस जी रीत होती, ती आता कायदा होणार होती. मी लिहिलं. सचिव होतो, लिहिणं भाग होतं. संध्याकाळी मामांकडं गेलो. मामा खाटेवर, हात गळ्यात. त्यांच्या दोन म्हशींचं दूध मामी डोक्यावर कॅन घेऊन चार मैल चालत आणत होती, आणि चालून चालून तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की शेतातली जमीन बरी. ठराव सांगितला. मामांनी गळ्यातला हात सावरला.

"म्हंजी आता पडनं सक्तीचं झालं," म्हणाले. "मग शेक्रेटरी, मी सायकल इकून टाकतो."

माझं काम जाईल याची मला भीती नव्हती असं म्हणालो तर ती या गोष्टीतली सर्वांत मोठी थाप ठरेल. पण मामांच्या त्या बोलण्यानं मला खरा राग आला. चाळीस वर्षं सायकल चालवलेला माणूस एका खिडकीतल्या आरडाओरड्यापायी पायी चालणार!

आता आमच्या सभेबद्दल. आमच्या सभेला कुणी येत नसे. गणपूर्तीसाठी दरवर्षी रस्त्यावरून माणसं पकडून आणावी लागत. एका वर्षी कपिलधारला निघालेले चार यात्रेकरू आत बसवून त्यांच्याकडून ताळेबंद मंजूर करून घेतल्याचं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो. त्या वर्षी मात्र आबांनी शक्कल काढली. पाण्याचा भरलेला टँकर मागवला आणि सभेच्या मांडवाबाहेर उभा केला. तोटीला कुलूप, किल्ली आबांच्या खिशात. सभा संपली की कुलूप उघडणार.

सगळा गाव लोटला. माणसाला दोन घागरी, वर हंडा, बादल्या, तेलाचे डबे. एकजण पाळणा घेऊन आला होता, त्यात पाणी कसं राहणार होतं ते त्यालाच ठाऊक. मांडवात खुर्च्या होत्या, पण लोक उभेच, तोंडं मंचाकडं आणि पाय टँकरकडं. आबांचा ड्रायव्हरही त्यांच्यात, दोन कळश्या घेऊन. त्याच्याही दोन म्हशी होत्या, तोही सभासद.

मी माईकपुढं उभा राहिलो. "ठराव क्रमांक एक, मागील सभेचे..." "मंजूर!" अख्खा मांडव ओरडला. "ठराव क्रमांक दोन..." "मंजूर!" तिसऱ्याला तर मी नुसतं तोंड उघडलं, तेवढ्यातच मंजूर. आबा खूश. शेजारच्या तालुक्याचे पाहुणे त्यांच्या बाजूला बसले होते, त्यांना आबा सांगत होते, "बघा, एकी म्हणतात ती ही."

चौथा मंजूर, पाचवा मंजूर, सहावा मंजूर. बाहेर टँकर टपटप गळत होता आणि प्रत्येक थेंबाला शंभर माणसं आवंढा गिळत होती.

मी सातवा कागद उचलला. आदल्या दिवशी दुपारी तो मी नव्यानं लिहिला होता, माझ्या सुवाच्य अक्षरात. खणखणीत आवाजात, थांबून थांबून, एकेक शब्द सुटा करून वाचला, पुढं कुणी ऐकू आलं नाही म्हणायला नको:

"ठराव क्रमांक सात. रस्त्यावर सायकलस्वार दिसताच संस्थेच्या मोटारीने रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरावे, व सायकल पुढे जाईपर्यंत तेथेच उभे राहावे."

"मंजूर!"

घागरी वाजल्या. ड्रायव्हरनं दोन्ही कळश्या वर केल्या होत्या. आणि पाहुण्यांशी बोलता बोलता आबांनीही, सवयीनं, हात वर केला.

सभा संपली. कुलूप निघालं. पुढचा अर्धा तास तिथं जे झालं त्यात दोन मांडवखांब आणि पाहुण्यांचा एक बूट गेला. त्या गोंधळात मी इतिवृत्ताची वही आबांपुढं गाडीच्या बोनेटवर धरली. आबा कधी वाचत नसत, वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं ते म्हणत. सात ठिकाणी सही केली. मी सात ठिकाणी शिक्का मारला.

फळ्यावर खडूनं लिहिलं असतं तर कुणी पुसलं असतं. म्हणून केंद्राच्या भिंतीवर, दाराशेजारी, निळ्या ऑइलपेंटनं ठराव क्रमांक सात लिहून काढला. अक्षरं अशी मोठी की पार लांबच्या चकलांब्याहून वाचता यावीत. दूध घालायला आलेला माणूस ओळीत उभा राहून वाचायचा, परत वाचायचा आणि मग माझ्याकडं असा बघायचा जणू मी त्याला गुपचूप गूळ खाऊ घातलाय.

तिसऱ्या दिवशी आबा आले. भिंतीपुढं उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी ह्ये सांगितलं होतं का तुला?"

"न्हाई, आबा. तुमी दुसरं सांगितलं होतं."

"मग?"

"मी वाचलं, सभेनं मंजूर केलं. तुमी पण हात वर केला. सही हाय, शिक्का हाय."

"रद्द कर."

"मला कुठं अधिकार? सभासद हाच मालक, हे तुमीच दर भाषणात सांगता. विशेष सभा बोलवावी लागंल." मी दुधाचं माप पुसून ठेवलं. "टँकर लागंल."

आबा हसले. मला त्यांचं ओरडणं चाललं असतं, गप्प बसणंही चाललं असतं. हसणं नाही. "भिंत रस्त्यावर येत न्हाई, सचिव," म्हणाले. "रस्त्यावर गाडी येती. बघू तुझा ठराव गाडीपुढं किती टिकतो ते." आणि गेले.

त्याच आठवड्यात मामा आले, चालत. खांदा जुळला होता, थोडा वाकडा. भिंतीपुढं उभं राहून बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "शेक्रेटरी, हे खरं हाय का तुझी थाप?"

"शिक्का हाय, मामा."

"गाडीला वाचता येतं का?"

मी वही काढून शिक्का दाखवला. मामांनी त्याच्यावरूनही बोट फिरवलं. "उद्या सायकल काढतो," म्हणाले. "मामीचे पाय गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं मामा, मागं मी. मामांचे कॅन तेच, ठोकून सरळ केलेले. माझ्या कॅरिअरला फांदी नव्हती. ती मी मुद्दाम घरी ठेवली होती. ठराव खरा की काटा खरा, हे एकदा कळायला हवं होतं. मामा कडेकडेनं चालवत होते.

"मामा, आत सरका. हातभर आत."

"आत सरकलो तर मेलोच की."

"कडंला गेल्तात तेव्हा काय झालं?"

मामा सरकले.

आणि समोरून ती आली. आबा बीडहून परतत होते. सरळ रस्ता, समोर पांढरी गाडी, एका गाडीपुरतं डांबर. भोंगा वाजला. मामांची पाठ ताठ झालेली दिसली. मान न वळवता त्यांनी विचारलं, "उतरू का रं?"

"न्हाई," मी ओरडलो. "सुतात चला!"

मामांचं चाक एकदा डुगडुगलं. मग सरळ झालं. मी आयुष्यात पुष्कळ पराक्रम पाहिले, त्यातले बरेचसे मीच सांगितलेले आहेत, पण तसलं सरळ चाक पुन्हा पाहिलं नाही. वाकड्या खांद्याचा म्हातारा, दोन कॅन, आणि नाक समोर.

ड्रायव्हर या वेळी खिडकीतून बाहेर आला नव्हता. काचेमागं त्याचं तोंड दिसत होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मामांकडं बघत होता, त्या दिवशी दाराला धरून बघत होता तसाच. आतून आबांचा आवाज इथवर ऐकू आला, "वाजव! घाल पुढं!"

भोंगा वाजला नाही. गाडी हळू झाली, डाव्या अंगाला वळली आणि कडेवरून धाडकन खाली गेली. पुढचं चाक, मग मागचं. बाभळीचे काटे करकरले. मग दोन टायरांनी, आधी एकानं आणि मग दुसऱ्यानं, लांब सुस्कारा सोडला.

आम्ही डांबरावरून गेलो. घाई केली नाही. गाडी एका अंगाला कलून उभी होती, तिच्या पलीकडच्या अंगावर नव्या रंगाखाली माझी नदी अजून होतीच. मामांनी जाता जाता ड्रायव्हरला मान हलवून रामराम केला. त्यानंही केला. आमच्या चाकांची धूळ कितीशी असणार, पण जेवढी होती तेवढी आबांच्या काचेवर बसली.

चार हात पुढं जाऊन मी एक पाय डांबरावर टेकवून थांबलो. सायकलवरून उतरलो नाही. मागं दार उघडल्याचा आवाज आला.

"कावून उतरवली बे गाडी खाली?" आबा ओरडत होते. "कुणी सांगितलं तुला? आँ? कुणी सांगितलं?"

ड्रायव्हर डिकीतून जॅक काढत होता. वर न बघता म्हणाला,

"ठराव झालाय, आबा."